सल्फर धातूला धरतो की नाही? थायोडायॲसेटिक ॲसिडचं कॉम्प्लेक्स, त्याचा स्फटिक आणि त्याची रचना

दरवर्षी एमएस्सीच्या प्रोजेक्टचे दिवस आले की एखादी मुलगी आयआरचा, म्हणजे रेणूने शोषलेल्या इन्फ्रारेड किरणांच्या आलेखाचा, कागद घेऊन येते आणि विचारते, "मॅडम, सल्फर जोडला गेलाय असं लिहू का?" मी विचारते, "कशावरून?" ती सहाशे ते सातशेच्या मधल्या एका बारीकशा खड्ड्यावर बोट ठेवते. त्या खड्ड्यावरून तिलाही खात्री नसते आणि मलाही. बडोद्यात शिकताना मी स्वतः असंच बोट ठेवलेलं आहे, म्हणून हसायचा अधिकार मला नाही.

धातूचा आयन आणि त्याला धरणारे रेणू, म्हणजे लिगँड, मिळून जे बनतं ते कॉम्प्लेक्स. कार्बोक्झिलिक ॲसिडमध्ये सल्फर असला म्हणजे तो धातूला धरेलच असं नाही. तो धरतो की नुसता बाजूला बसून राहतो, हे शेवटी एकाच ठिकाणी कळतं, ते म्हणजे सिंगल क्रिस्टलच्या, एका अखंड स्फटिकाच्या, रचनेत. तिथवर पोचायचं कसं, हे मी इथे माझ्या हाताखालून गेलेल्या चुकांसकट सांगते. काम साध्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं आहे. स्फटिकावर क्ष-किरण टाकून रचना मोजणारा डिफ्रॅक्टोमीटर तेवढा बाहेरचा लागेल.

आधी ॲसिड निवडा, मग धातू

सल्फरवाली कार्बोक्झिलिक ॲसिडं तीन स्वभावांची असतात.

पहिला प्रकार मर्कॅप्टो ॲसिडांचा. थायोग्लायकॉलिक ॲसिड, थायोसॅलिसिलिक ॲसिड ही त्यातली नेहमीची. यांच्यात मोकळा एसएच गट असतो आणि तो धातूला घट्ट धरतो, पण तांब्याशी गाठ पडली की गडबड होते. टू-प्लस, म्हणजे दोन धन भारांचं, तांबं त्या गटाचं ऑक्सिडेशन करून डायसल्फाइड बनवतं आणि स्वतः वन-प्लस होऊन बसतं. निळा स्फटिक मिळेल म्हणून वाट पाहावी आणि बीकरच्या तळाशी पिवळट-तपकिरी गाळ निघावा, असा हा प्रकार. थायोग्लायकॉलिकच्या वासाबद्दल तर बोलायलाच नको. केस कुरळे करायच्या लोशनमध्ये हेच असतं. हा वास कपड्यांत बसला की दांडिया बाजारपर्यंतच्या शेअर रिक्षात लोक सरकून बसतात.

दुसरा प्रकार थायोफीन-२-कार्बोक्झिलिक ॲसिडचा. इथे सल्फर ॲरोमॅटिक रिंगमध्ये अडकलेला आहे, त्याची इलेक्ट्रॉनची जोडी रिंगच्या व्यवहारात गुंतलेली आहे. त्यामुळे तो धातूकडे सहसा फिरकत नाही. धातूला धरतो तो कार्बोक्झिलेट गटच. शिवाय या रिंगची स्फटिकात एक खोड आहे, तिच्याबद्दल पुढे सांगते.

तिसरा प्रकार थायोईथरचा, म्हणजे ज्यात सल्फरच्या दोन्ही बाजूंना कार्बन आहे. त्यात थायोडायॲसेटिक ॲसिड मला नवशिक्यांसाठी सगळ्यांत सोयीचं वाटतं. काही जण याला थायोडायग्लायकॉलिक ॲसिड म्हणतात. मध्ये सल्फर, दोन्ही बाजूंना एकेक सीएच-टू आणि टोकाला कार्बोक्झिल. पांढरी पूड, पाण्यात छान विरघळते, वितळणबिंदू १३० अंश सेल्सिअसच्या आसपास, रेणूभार १५०.१५. म्हणजे एक मिलिमोलसाठी दीडशे मिलिग्रॅम, हिशेबही सोपा. व्हिनाइल क्लोराइड शरीरात गेलं की लघवीत हेच ॲसिड उतरतं, म्हणून पीव्हीसीच्या कामगारांच्या तपासणीत याचं मोजमाप करतात.

आता खरा मुद्दा. थायोईथरचा सल्फर एकटा असता तर तो धातूला फारसा चिकटला नसता. १९६३ मध्ये पिअरसनने मांडलेल्या हार्ड-सॉफ्टच्या हिशेबात (हार्ड हार्डला धरतो, सॉफ्ट सॉफ्टला) सल्फर सॉफ्ट, तर तांबं, निकेल, कोबाल्ट, झिंक हे टू-प्लस आयन सीमारेषेवरचे. पण इथे दोन्ही कार्बोक्झिलेट आधी धातूला धरतात आणि सल्फर बरोबर मधोमध सापडतो. धातू, सल्फर, दोन कार्बन, ऑक्सिजन अशा पाच-पाच अणूंच्या दोन रिंगा तयार होतात. दोन भावांनी दोन बाजूंनी हात धरले की मधल्याला लग्नात नाचावंच लागतं, तसं. कॅल्शियम, मॅग्नेशियमसारख्या हार्ड धातूंशी मात्र त्याची मैत्री जमणं अवघड. म्हणून सुरुवात तांब्याने करा. रंग दिसतो, काम पटकन होतं, आणि निकेल-कोबाल्टइतकं विषारी नाही. निकेलची संयुगं कर्करोगकारक आहेत. ती हाताळायची तर हातमोजे आणि फ्यूम हूड ही सक्ती समजा.

तांब्याचं कॉम्प्लेक्स: प्रत्यक्ष कृती

मीठ कोणतं घ्यायचं यावर पुढचं अर्धं काम अवलंबून असतं. बहुतेक जण कॉपर सल्फेट किंवा नायट्रेट घेतात, वर सोडियम हायड्रॉक्साइड टाकतात, आणि पंधरा दिवसांनी सुंदर पारदर्शक स्फटिक मिळाले म्हणून नाचतात. ते सोडियम सल्फेट किंवा सोडियम नायट्रेट असतं. मीही नाचले होते. म्हणून बेसिक कॉपर कार्बोनेट घ्या. ॲसिडबरोबर त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, उरतं ते पाणी. द्रावणात परका आयन राहतच नाही. परक्लोरेटच्या वाटेला अजिबात जाऊ नका. त्याचे स्फटिक लवकर येतात म्हणून मोह होतो, पण सेंद्रिय लिगँडसोबतचं धातूचं परक्लोरेट कोरडं झाल्यावर फुटू शकतं.

बेसिक कॉपर कार्बोनेटच्या एका सूत्रात तांब्याचे दोन अणू आहेत, रेणूभार २२१.१. म्हणून एक मिलिमोल तांब्यासाठी अर्धा मिलिमोल, म्हणजे ११०.५ मिलिग्रॅम लागेल. इथे बरेच जण दुप्पट टाकतात आणि मग हिरवी पूड विरघळत का नाही म्हणून रात्रभर ढवळत बसतात.

१५० मिलिग्रॅम थायोडायॲसेटिक ॲसिड साठ मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. त्यात तोललेलं कार्बोनेट थोडं थोडं टाका आणि ५० ते ६० अंशांवर मॅग्नेटिक स्टररवर ठेवा. बुडबुडे येतील. ते थांबून द्रावण स्वच्छ निळं-हिरवं दिसेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो. उकळू नका, घाई करायची गरज नाही. नळाचं पाणी चुकूनही वापरू नका, त्यातलं कॅल्शियम मध्ये नाक खुपसतं.

आता सहलिगँड, म्हणजे ॲसिडच्या जोडीने तांब्याला धरणारा दुसरा रेणू. नुसतं तांबं आणि हे ॲसिड ठेवलं तर कार्बोक्झिलेट शेजारच्या तांब्यालाही धरतात, लांबच लांब पॉलिमर होतं आणि बऱ्याचदा बारीक पूड खाली बसते. ती साखळी तोडायला तांब्याच्या दोन जागा आधीच अडवून ठेवायच्या. त्यासाठी १,१०-फेनँथ्रोलीन किंवा २,२'-बायपिरिडीन घ्या. फेनँथ्रोलीन बाटलीत मोनोहायड्रेट म्हणून येतं, रेणूभार १९८.२, म्हणजे एक मिलिमोलसाठी १९८ मिलिग्रॅम. ते दहा मिलिलिटर मेथनॉलमध्ये विरघळवून थेंबाथेंबाने सोडा. रंग गडद निळ्याकडे झुकतो. तासभर ढवळून गार होऊ द्या आणि गाळून घ्या. साध्या फिल्टर पेपरने गाळलं तर त्याचे तंतू द्रावणात उतरतात आणि प्रत्येक तंतूवर शंभर बारीक स्फटिक बसतात. सिरिंज फिल्टर असेल तर तो वापरा, नसेल तर पेपर दोनदा धुऊन घ्या.

निकेल किंवा कोबाल्ट घेतलं तर त्यांचं कार्बोनेट फार हळू विरघळतं, तिथे ॲसिटेट चालेल. पीएच पाच ते सहाच्या मध्ये राहील असं बघा. तीनच्या खाली ॲसिडचे प्रोटॉन पुरते सुटत नाहीत, आणि सातच्या वर गेलात की धातूचं हायड्रॉक्साइड डोकं वर काढतं.

स्फटिक वाढवणं

कृतीला एक दुपार पुरते, स्फटिकाला तीन आठवडे लागतात. घरी विरजण लावलेलं पातेलं कोणी सारखं हलवून बघत नाही, पण प्रयोगशाळेत मात्र प्रत्येक जण दिवसातून चारदा बीकर उचलून उजेडात धरतो. माझ्या बीकरवर चिठ्ठी असायची. मराठीत "हलवू नका", खाली गुजरातीत "हलावशो नहीं", त्याखाली इंग्रजीतही तेच. तरी कोणीतरी हलवायचंच, आणि बहुतेक वेळा ती मीच असायचे.

सगळ्यांत सोपी पद्धत म्हणजे सावकाश बाष्पीभवन. शंभर मिलिलिटरच्या बीकरवर पॅराफिल्म ताणून लावा आणि सुईने पाच-सहा भोकं पाडा. किती भोकं, हे ऋतूवर ठरतं. मे महिन्यात बडोद्यात पारा चाळिशीच्या वर असतो, हवा कोरडी. तेव्हा दोन भोकंही पुष्कळ होतात, नाहीतर तीन दिवसांत बीकरच्या कडेने कवच चढतं आणि हाती पूड येते. ऑगस्टमध्ये उलट. दहा भोकं पाडली तरी पाण्याची पातळी हलत नाही, आणि झिंकच्या द्रावणावर मला बुरशीसुद्धा दिसलेली आहे. तांब्याच्या द्रावणाला तिने कधी तोंड लावलं नाही.

रात्री एसी बंद, सकाळी चालू, असं जिथे होतं तिथे बीकर उघडा ठेवू नका. तापमान वरखाली झालं की लहान स्फटिक विरघळतात, पुन्हा येतात, आणि थरावर थर चढून जोडस्फटिक तयार होतात. फ्रिजसोबत आलेलं थर्माकोलचं खोकं याला उत्तम. त्यात बीकर ठेवा, झाकण लावा, आणि खोकं फ्रिजच्या कॉम्प्रेसरपासून, व्हॅक्यूम पंपापासून आणि रस्त्याकडच्या भिंतीपासून लांब, खालच्या कपाटात सरकवा. आमची फॅकल्टी बडोद्याच्या सयाजीगंजात, स्टेशन हाकेच्या अंतरावर. माझा पहिला चांगला निळा स्फटिक उत्तरायणाच्या सुट्टीत वाढला. दोन दिवस सगळं गाव गच्चीवर पतंग उडवत होतं, प्रयोगशाळेला कुलूप होतं, आणि बीकर हलवायला कोणी नव्हतं.

बाष्पीभवनाने नुसती पूडच येत असेल तर थर लावा. आठ-दहा मिलिमीटर रुंदीची लांब टेस्ट ट्यूब घ्या. तळाशी तांबं आणि ॲसिडचं पाण्यातलं द्रावण तीन मिलिलिटर. त्यावर पाणी आणि मेथनॉल निम्मेनिम, दोन मिलिलिटर. सगळ्यांत वर फेनँथ्रोलीनचं मेथनॉलमधलं द्रावण तीन मिलिलिटर. पाणी जड म्हणून खाली, मेथनॉल हलकं म्हणून वर, हा क्रम उलटा करू नका. वरचे थर ड्रॉपरने काचेच्या भिंतीवरून ओघळू द्या. मधला थर फार महत्त्वाचा, तो नसेल तर दोन द्रावणं भेटताक्षणी गाळ पडतो. बूच लावून कपाटात ठेवा. आठ-दहा दिवसांत मधल्या पट्ट्यात भिंतीला चिकटलेले कण चमकायला लागतात.

तिसरी पद्धत हायड्रोथर्मल. टेफ्लॉनचं भांडं, बाहेर स्टीलचं कवच, १२० ते १६० अंश, दोन-तीन दिवस. भांडं दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरायचं नाही आणि गरम असताना उघडायचं नाही. ओव्हन बंद करून मोकळं होऊ नका, तासाला पाच अंशांनी उतरवत आणा. सल्फर असलेल्या ॲसिडांसाठी माझं स्वतःचं मत थोडं वेगळं आहे. इतक्या तापमानाला सी-एस बंध तुटू शकतात आणि जे ॲसिड तुम्ही घातलं ते स्फटिकात सापडेलच याची हमी राहत नाही. आधीच्या दोन पद्धती फसल्या तरच इकडे या.

खडीसाखर जशी दोऱ्यावर धरते तसा स्फटिकही ओरखड्यावर, धुळीवर धरतो. चरे पडलेला जुना बीकर घेतला की असंख्य बारीक कण मिळतात, नवा गुळगुळीत घेतला की कधी कधी काहीच मिळत नाही. दोन्ही एकदम लावून ठेवावेत. आणि बदल करायचा तर एका वेळी एकच करा. धातू तोच ठेवून सहलिगँड बदला, किंवा दोन्ही तेच ठेवून द्रावण निम्मं पातळ करा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि स्फटिक आला तर कशामुळे आला ते कधीच कळत नाही.

स्फटिक बाहेर काढण्याआधी

स्फटिक दिसले की ते गाळून, वाळवून, काचेच्या बाटलीत भरायची घाई होते. थांबा. यांच्या पोटात बहुतेकदा पाणी असतं आणि ते पाणी रचनेचा भाग असतं. मी एकदा आठ दिवस जपलेले निळे स्फटिक कोरडे करून एप्रिलच्या उन्हात कुरिअरने दुसऱ्या गावी पाठवले. तिथून फोन आला, "बाटलीत निळं पीठ आहे." पाणी उडालं, रचना कोसळली. तेव्हापासून स्फटिक त्यांच्या मूळ द्रावणातच पाठवते, बाटली काठोकाठ भरून, म्हणजे आत हिंदकळत नाही.

पाठवण्याआधी पोलराइझ्ड मायक्रोस्कोपखाली बघा. चांगला स्फटिक फिरवला की दर नव्वद अंशांना पूर्ण अंधारतो. अर्धा अंधारला आणि अर्धा चमकत राहिला तर तो जोडस्फटिक आहे, सोडून द्या. आकार ०.१ ते ०.३ मिलिमीटर पुरे. साबुदाण्याएवढा स्फटिक फोटोसाठी छान, क्ष-किरणांसाठी निरुपयोगी. कडा धारदार हव्यात, आत भेगा किंवा ढग नकोत.

उरलेल्या पुडीवर काय काय करायचं

स्फटिक यंत्राची वाट बघत असताना उरलेल्या नमुन्याची ओळख पटवून घ्या.

आयआरमध्ये मोकळ्या ॲसिडचा सतराशेच्या आसपासचा जोरदार पट्टा नाहीसा झाला असेल तर दोन्ही प्रोटॉन गेले. त्याच्या जागी सोळाशेजवळ एक आणि चौदाशेजवळ एक असे कार्बोक्झिलेटचे पट्टे येतात. या दोहोंतला फरक काढतात. सोडियम मीठात जो फरक आहे त्याच्यापेक्षा जास्त आला तर कार्बोक्झिलेटचा एकच ऑक्सिजन धातूला धरतो, बराच कमी आला तर दोन्ही. हा नियम १९८० मध्ये डीकन आणि फिलिप्स यांनी कितीतरी रचना पडताळून मांडला, आणि त्याच्या मर्यादाही त्यांनीच सांगितल्या. तुलनेसाठी आपल्याच ॲसिडचं सोडियम मीठ करून त्याचा आयआर काढा, दुसऱ्या कुठल्या ॲसिडचा आकडा उचलू नका. फेनँथ्रोलीनचे पट्टेही पंधराशे ते सोळाशेच्या मध्येच घुसतात, तेव्हा नुसत्या फेनँथ्रोलीनचा कागद शेजारी ठेवूनच वाचा. पावसाळ्यात पोटॅशियम ब्रोमाइड ओव्हनमध्ये ११० अंशांवर वाळवल्याशिवाय वापरलंत तर चौतीसशेला रुंद पट्टा येईल आणि नसलेलं पाणी कॉम्प्लेक्समध्ये सापडेल.

सीएचएनचा, म्हणजे कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनच्या टक्क्यांचा, हिशेब करून ठेवा. तांबं, थायोडायॲसिटेट आणि फेनँथ्रोलीन एकास एकास एक धरलं तर रेणूभार ३९१.९ येतो. कार्बन ४९.०, हायड्रोजन ३.१, नायट्रोजन ७.१ टक्के. एक पाणी धरलं तर रेणूभार ४०९.९, कार्बन उतरून ४६.९ होतो, नायट्रोजन ६.८. प्रत्यक्षात कार्बन ४७ च्या जवळ आला तर पाण्याचा संशय घ्या आणि टीजीएमध्ये, म्हणजे नमुना तापवत त्याचं वजन मोजून, खात्री करा. एक पाणी उडालं तर वजन ४.४ टक्क्यांनी घटायला हवं. आकडे जुळेनात म्हणून सूत्रात पाव पाणी, अर्धं मेथनॉल घालत बसायची प्रथा आहे. टीजीएने साथ दिली नाही तर ती घालू नका.

चुंबकीय मोजमाप सोपं आहे. तांब्याला १.७ ते २.२ बोर मॅग्नेटॉन, ऑक्टाहेड्रल निकेलला २.९ ते ३.३, हाय-स्पिन कोबाल्टला ४.३ ते ५.२. झिंकला काहीच नाही, पण म्हणूनच त्याचा एनएमआर सरळ काढता येतो.

रचना सोडवणं आणि ती वाचणं

डिफ्रॅक्टोमीटरवरून सगळ्यांत आधी युनिट सेल, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा छोटा डबा, हाती येतो. पूर्ण डेटा घ्यायच्या आधी इथे पाच मिनिटं थांबा. हायड्रोजन सोडून बाकी प्रत्येक अणूला सुमारे १८ घन अँगस्ट्रॉम जागा लागते, हा ढोबळ नियम. आपल्या एका पाण्याच्या कॉम्प्लेक्समध्ये असे २५ अणू आहेत, म्हणजे रेणूला साडेचारशे. पी टू-वन बाय सी हा सगळ्यांत जास्त आढळणारा स्पेस ग्रुप (डब्यातल्या रेणूंची सममिती), त्यात चार रेणू बसतात, म्हणजे सेल अठराशेच्या आसपास हवा. नुसत्या ॲसिडचे नऊच अणू. चार रेणूंचा सेल साडेसहाशेच्या आसपास निघाला तर तुम्ही न लागलेलं ॲसिड परत मिळवलं आहे, डेटाचे पैसे वाचवा. हाच सेल केंब्रिजच्या डेटाबेसमध्येही तपासा. ऑल्गा केनार्ड यांनी १९६५ मध्ये सुरू केलेल्या या संग्रहाने २०१९ मध्ये दहा लाख रचनांचा टप्पा ओलांडला. तुमचा स्फटिक आधीच तिथे असण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा मोठी आहे.

मॉलिब्डेनमच्या किरणांची तरंगलांबी ०.७१०७३ अँगस्ट्रॉम. त्यांनी घेतलेला डेटा थीटा या कोनाच्या निदान २५.२४ अंशांपर्यंत जवळजवळ पूर्ण हवा. सॉफ्टवेअर म्हणाल तर रचना सोडवायला शेलएक्सटी, सुधारायला शेलएक्सएल, आणि दोन्ही चालवायला ओलेक्स टू. तांबं आणि सल्फर जड असल्याने लगेच दिसतात, बाकीचे अणू त्यांच्याभोवती उगवतात. पाण्याचे हायड्रोजन नकाशात शोधा आणि ऑक्सिजनपासून ०.८५ अँगस्ट्रॉमवर बांधून ठेवा. आर-वन (रचना आणि डेटा यांतली तफावत) पाच टक्क्यांच्या आत, गुडनेस (जुळणीचं माप) एकच्या आसपास, आणि उरलेलं सगळ्यांत मोठं शिखर घन अँगस्ट्रॉमला एका इलेक्ट्रॉनच्या आत असेल तर निवांत चहा घ्या.

आता थायोफीनची ती खोड. थायोफीन-२-कार्बोक्झिलेटची रिंग स्फटिकात काही रेणूंत एका बाजूने आणि काहींत १८० अंश फिरून बसते. मग सल्फरच्या जागी थोडा कार्बन आणि समोरच्या कार्बनच्या जागी थोडा सल्फर दिसतो. ओळखायचं कसं? सल्फरचा गोळा नको तितका फुगलेला, समोरच्या कार्बनचा गोळा नको तितका आक्रसलेला, आणि सी-एस बंध १.७१ वरून कमी भरलेला. अशा वेळी शेलएक्सएलची पार्ट ही आज्ञा वापरून दोन्ही स्थिती मांडा, त्यांची टक्केवारी मोकळी सोडा आणि साडी (SADI) ही अंतरं सारखी ठेवणारी आज्ञा लावून ती बांधा. हो, त्या आज्ञेला प्रयोगशाळेत साडीच म्हणतात आणि ती नेसवल्याशिवाय ही रिंग सभ्य दिसत नाही. आपल्या थायोडायॲसिटेटमध्ये ही भानगड नाही, म्हणूनही ते नवशिक्यांना बरं.

आता ज्यासाठी एवढं केलं ते अंतर मोजा. निकेल आणि सल्फरमध्ये साधारण २.४ अँगस्ट्रॉम आलं तर तो सरळसरळ बंध आहे. तांब्याचं जरा नाजूक. यान-टेलर परिणामामुळे तांबं एका दिशेला लांबट होतं. कार्बोक्झिलेटचे ऑक्सिजन आणि फेनँथ्रोलीनचे नायट्रोजन जवळच्या चार जागा घेतात, दोनच्या आसपास, आणि सल्फरला बऱ्याचदा वरची लांबची जागा मिळते, अडीचच्या पुढे. त्यामुळे "सल्फर जोडलेला आहे" इतकं लिहून भागत नाही. किती अंतरावर, कोणत्या जागी, कोणाच्या समोर, हे लिहा. तांब्याभोवती पाचच अणू असतील तर दोन सगळ्यांत मोठे कोन घ्या, त्यांची वजाबाकी साठने भागा. कोन १७० आणि १५५ असतील तर ०.२५. शून्य म्हणजे चौकोनी पिरॅमिड, एक म्हणजे त्रिकोणी बायपिरॅमिड. या आकड्याला टाऊ म्हणतात, तो ॲडिसन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दिला.

आणि लिगँडची घडण बघा, मला सगळ्यांत आवडणारा भाग हा आहे. सल्फरच्या जागी ऑक्सिजन असलेलं भावंड म्हणजे ऑक्सिडायॲसिटेट. ते धातूभोवती बहुधा सपाट पसरतं, तीनही दाते, म्हणजे धातूला धरणारे अणू, एका प्रतलात. आपलं थायोडायॲसिटेट मात्र दुमडतं आणि तीनही दाते अष्टफलकाच्या एकाच पृष्ठावर येतात. कारण भूमितीत आहे. सी-एस बंध १.८ अँगस्ट्रॉम लांब, सी-ओ फक्त १.४, आणि सल्फरवरचा कोन शंभर अंशांच्या आसपास आखडलेला. धातूला धरलेला सल्फर पिरॅमिडसारखा बसतो, त्याला सपाट होता येत नाही. एका अणूच्या बदलाने सगळ्या रेणूची बसण्याची पद्धत बदलते, आणि ती आयआरमध्ये कधीच दिसली नसती. फेनँथ्रोलीनच्या रिंगा एकमेकींवर ३.३ ते ३.८ अँगस्ट्रॉमवर रचलेल्या आहेत का, पाण्याचे हायड्रोजन बंध कुठे जातात, हे मर्क्युरी या सॉफ्टवेअरमध्ये फिरवून पाहून घ्या. चित्रं सुंदर येतात, पण प्रबंधात दोन पुरे.

एक काम बहुतेक जण टाळतात. तुम्ही सोडवलेली रचना एका स्फटिकाची आहे, बाटलीतल्या सगळ्या पुडीची नाही. मर्क्युरीमधून त्या रचनेचा पावडर पॅटर्न काढा आणि पुडीच्या पावडर एक्सआरडीशी, म्हणजे तिच्या क्ष-किरण आलेखाशी, जुळवा. डेटा १०० केल्विनवर घेतला असेल तर शिखरं किंचित सरकतील, तेवढं माफ. पण एखादं जास्तीचं शिखर असेल तर बाटलीत दुसरंही काही आहे, आणि तुमचे सीएचएन, चुंबकीय आकडे त्या मिश्रणाचे आहेत.

नंतर चेकसिफ, म्हणजे रचनेची फाइल तपासणारा प्रोग्रॅम, चालवा. ए आणि बी दर्जाच्या सूचनांना उत्तर लिहा, सी दर्जाच्या निदान वाचा. फाइल केंब्रिजला जमा करून क्रमांक मिळवा, तो क्रमांक, तारीख, मूळ द्रावण आणि स्फटिक वाढायला लागलेले दिवस बाटलीच्या लेबलवर पेन्सिलने लिहा. शाईने लिहू नका, मेथनॉलचा एक थेंब पडला की तारीख जाते आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलीला त्या बाटलीत काय आहे ते पुन्हा शोधावं लागतं.